ऑप्टोमेट्री स्कूलचा अर्ज: ज्युनियर वर्षात हातात काय काय असायला हवं?

निंबोणी | २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते आहे, लिहायला आज बसले.

मी आठवीत असताना आम्ही भारतातून ओहायोत आलो. आता इथल्याच एका राज्य विद्यापीठात बायॉलॉजी करते आहे, यंदा ज्युनियर, म्हणजे तिसरं वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात ऑप्टमकॅसवरून (सगळ्या शाळांचा एकत्रित ऑनलाइन अर्ज) ऑप्टोमेट्रीसाठी, म्हणजे डोळ्यांची तपासणी आणि उपचार करणाऱ्या, सर्जनपेक्षा वेगळ्या शाखेसाठी अर्ज करायचा आहे. आमच्या घरात किंवा नात्यात या क्षेत्रातलं कुणीच नाही, त्यामुळे विचारायला माणूस नाही.

ऑप्टोमेट्रीच का, ते आधी सांगते. आजी आमच्याकडे राहते. तिला मॅक्युलर डीजनरेशन झालं आणि समोरचं मधलंच दिसेनासं झालं. डोळ्यांच्या सर्जननी इंजेक्शनं दिली, आणखी बिघडणं थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही. आजीने पोथी कपाटात ठेवून दिली. मग कुणीतरी लो व्हिजन करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडे पाठवलं. तिथे तिला भिंग मिळालं, दिवा कुठे ठेवायचा ते कळलं, आणि नजर जरा बाजूला वळवून अक्षर कसं पकडायचं ते त्यांनी शिकवलं. तीन महिन्यांनी आजी परत वाचायला लागली. मी तेव्हापासून दुसरा विचार केलेला नाही.

आता आकडे. जीपीए ३.४२. ऑरगॅनिक केमिस्ट्री १ मध्ये सी प्लस आला आहे आणि तो मनातून जात नाही. ऑरगॅनिक २, फिजिक्स २, मायक्रोबायॉलॉजी, बायोकेम बाकी आहेत. शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांसोबत उभं राहून काम बघणं, फक्त १२ तास, तेही एकाच ठिकाणी. ओएटी ही प्रवेश परीक्षा दिलेली नाही.

विचारायचं हे, की सी प्लस पुन्हा घेऊन सुधारावा का? शॅडोइंगचे तास किती लागतात? ओएटी कधी द्यावी? आणि खरं सांगा, या आकड्यांवर अर्ज करावा की एक वर्ष थांबावं?

दूरदेशी | २२ सप्टेंबर, सकाळी ६:१५

निंबोणी, मी अकरा वर्षं प्रॅक्टिस करते आहे. माझ्याकडे दर उन्हाळ्यात दोन-तीन मुलं शॅडोइंगला येतात, त्यांची शिफारसपत्रंही मीच लिहिते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कामावर जायच्या आत.

सी प्लसचं आधी. पुन्हा घेऊ नकोस. तुमच्या विद्यापीठात नवी ग्रेड जुनीची जागा घेत असेल, पण ऑप्टमकॅस तसं धरत नाही. ते ट्रान्स्क्रिप्टवरचा प्रत्येक प्रयत्न मोजतं, म्हणजे सी प्लसही राहणार आणि नवी ग्रेडही. बहुतेक शाळांना प्रीरेक्विझिटमध्ये, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायच्या विषयांत, सी किंवा त्याहून वरची ग्रेड चालते, तेव्हा तुझी अट पूर्ण झालेली आहे. (सी मायनस असता तर मी उलट सांगितलं असतं.) त्या चार क्रेडिट्सचा वेळ ऑरगॅनिक २ आणि बायोकेमला दे. प्रवेश समिती ग्रेड्स सत्रावार बघते. ऑरगॅनिक १ मध्ये सी प्लस, पुढच्या सत्रात बी प्लस, मग बायोकेममध्ये ए मायनस, असा चढता आलेख दिसला की त्या सी प्लसचं उत्तर ट्रान्स्क्रिप्टच देतं, तुला काही लिहावं लागत नाही. उलट विषय पुन्हा घेऊन जेमतेम बी आला, तर त्याच प्रश्नावर समितीचं बोट दोनदा पडतं.

प्रत्येक शाळेच्या प्रवेशित वर्गाचा सरासरी जीपीए आणि ओएटी गुण शाळांची संघटना, म्हणजे ॲस्को, दरवर्षी प्रसिद्ध करते. तो तक्ता उघड. काही शाळांत तू सरासरीच्या जवळ आहेस, काहींत खाली. ३.४२ वर अर्जच करू नये असं अजिबात नाही.

आता शॅडोइंग, कारण माझ्या मते तुझा अर्ज तिथे अडकला आहे, सी प्लसवर नाही. किती तास, हा प्रश्न सगळे विचारतात. माझ्याकडे येऊन ८० तास भिंतीला टेकून उभी राहिलेली मुलंही मी पाहिली आहेत. त्यांच्या पत्रात मी काय लिहिणार? वेळेवर येत होता, एवढंच. एकाच दवाखान्यात शंभर तास काढण्यापेक्षा चार वेगवेगळ्या ठिकाणी पंधरा-पंधरा तास काढलेले मला जास्त बोलके वाटतात. छोटी खासगी प्रॅक्टिस बघ. मोठ्या साखळी दुकानातली बघ, तिथे दिवसाला किती पेशंट होतात ते मोज. सर्जनच्या हाताखाली नव्हे, बरोबरीने काम करणारा ऑप्टोमेट्रिस्ट बघ, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची तपासणी तिथे दिसेल. व्हेटरन्स हॉस्पिटलमध्ये (माजी सैनिकांच्या) जागा मिळाली तर सोडू नकोस, मधुमेहाने पडद्यावर काय होतं ते एका दिवसात जेवढं तिथे दिसेल तेवढं इतरत्र महिन्यात दिसणार नाही. आणि लो व्हिजन तर तुझ्या घरातच आलं आहे, त्याच डॉक्टरना विचार.

एक वही कर. पेशंटचं नाव, गाव, वय, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, हा नियम पहिल्या पानावर लिहून ठेव. बाकी लिहायचं: आज काय पाहिलं आणि कशाने थांबायला झालं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने लिहिलं होतं की एक गृहस्थ चष्म्याचा नंबर काढायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, दोन दिवसांपासून डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतं आणि काळे ठिपके तरंगतात. मी नंबर काढायचा फोरॉप्टर बाजूला सारला, बाहुली मोठी करणारे थेंब घातले, पडदा तपासला आणि त्यांना त्याच दुपारी रेटिना सर्जनकडे पाठवलं. पडदा सुटायला लागला होता. तिने वहीत लिहिलं होतं, "नंबर काढलाच नाही, आणि आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं." तिचं शिफारसपत्र मी एका बैठकीत लिहून काढलं.

अजून एक, पण हे तुला जमेल तसं. नुसतं बघण्यापेक्षा काम कर. ऑप्टोमेट्रिक टेक्निशियन म्हणून शनिवार-रविवारची किंवा उन्हाळ्याची नोकरी मिळते. लेन्सोमीटरवर जुन्या चष्म्याचा नंबर घेणं, ऑटोरिफ्रॅक्टर, डोळ्यावर हवेचा फुस्सकन झोत सोडून दाब मोजणं, फील्ड टेस्टला (नजर समोर ठेवून आजूबाजूचे बारीक दिवे दिसतात का ते बघणारी तपासणी) वैतागलेल्या आजोबांना धीर देणं, हे सगळं शिकवतात. पेशंटशी दिवसभर बोलून पाय दुखायला लागल्यावरही हे काम आवडतं का, ते तुझं तुलाच कळेल.

एक वर्ष थांबायचं का, हे एप्रिलमध्ये विचार. आज नको.

गवतफूल | २२ सप्टेंबर, दुपारी १:०५

दूरदेशीताईंनी मुख्य ते लिहिलंच आहे. मी ओडीच्या, म्हणजे ऑप्टोमेट्रीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, ओएटी अजून ताजी आहे, म्हणून तेवढंच.

गुण २०० ते ४०० मध्ये देतात. सर्व्हे ऑफ नॅचरल सायन्सेस म्हणजे बायॉलॉजी ४०, जनरल केमिस्ट्री ३०, ऑरगॅनिक ३०, असे १०० प्रश्न ९० मिनिटांत. मग रीडिंग, फिजिक्स (४० प्रश्न, ५० मिनिटं) आणि क्वांटिटेटिव्ह रीझनिंग (४० प्रश्न, ४५ मिनिटं). चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

बहुतेकांना फिजिक्स नडतं. दातांच्या डॅट परीक्षेत फिजिक्स नाही, त्यामुळे डॅटची पुस्तकं वापरून तयारी करणारे हा भाग शेवटी ढकलतात आणि पडतात. तू फिजिक्स २ वसंत सत्रात घेते आहेस ना? मग परीक्षा मेच्या शेवटी ठेव, ऑप्टिक्स डोक्यात असतानाच. मी उलटं केलं होतं. फिजिक्स होऊन दीड वर्ष झाल्यावर परीक्षा दिली आणि त्या एका विभागाने सरासरी खाली ओढली. पुन्हा द्यावी लागली. पुन्हा देता येते, पण मधे अंतर ठेवावं लागतं आणि आधीचे गुणही शाळांना दिसतात. तेव्हा "एकदा बघून येऊ" म्हणून देऊ नकोस.

मी दहा आठवडे तयारी केली. पहिले सहा आठवडे विषय, नंतरचे चार फक्त वेळ लावून पूर्ण पेपर. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. त्यातही "माहीत नव्हतं", "माहीत होतं पण घाई केली" आणि "प्रश्नच नीट वाचला नाही" असे तीन रकाने. माझा तिसरा रकाना सगळ्यात लांब होता, आणि तो अभ्यास वाढवून कमी होत नाही, हे मला सातव्या आठवड्यात कळलं. तिथून मी प्रश्नाचा शेवट आधी वाचायला लागलो.

काही शाळा ओएटीऐवजी जीआरई किंवा एमकॅटही घेतात. पण यादीतल्या सगळ्या शाळांना चालणारी परीक्षा एकच आहे, ती ओएटी.

पाणवठा | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

बाळ, तुझं मनापासून कौतुक. आजीचं वाचून बरं वाटलं.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे आणि तो टोचावा म्हणून विचारत नाही. माझा पुतण्याही याच वळणावर आहे. एवढं ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेम करायचंच आहे, तर मेडिकलला जाऊन डोळ्यांचा सर्जन का होऊ नये? दुसरं, चष्मे आता घरबसल्या मागवता येतात, मशीन नंबर काढतं. दहा-पंधरा वर्षांनी या कामाला काय किंमत राहील? कर्ज मात्र तेवढंच काढायचं. घरातल्या मोठ्यांना ही काळजी वाटणारच.

दूरदेशी | २३ सप्टेंबर, सकाळी ६:००

पाणवठाकाका, तुमचे दोन्ही प्रश्न इंटरव्ह्यूत जसेच्या तसे येतात. म्हणून निंबोणी, हे तूही वाच.

सर्जन होण्यासाठी चार वर्षं मेडिकल, त्यावर इंटर्नशिप धरून चार वर्षं रेसिडेन्सी (पदवीनंतरचं प्रशिक्षण), आणि त्या रेसिडेन्सीला जागा मिळायला हवी. ज्याला शस्त्रक्रिया करायची आहे त्याने तिकडेच जावं. ओडी चार वर्षांची, त्यानंतर हवी असेल तर एक वर्षाची रेसिडेन्सी. पण मी वर्षांचा हिशेब करून इकडे आले नाही. माझ्याकडे मुलगा पहिलीत असताना येतो, आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतो, आठवीत कॉन्टॅक्ट लेन्स घेतो, कॉलेजला जाताना भेटून जातो. त्याच्या आजीचा काचबिंदूही मीच बघते. हे नातं मला हवं होतं. "मेडिकल जमलं नसतं म्हणून" हे उत्तर असेल तर समितीला पाच मिनिटांत कळतं, आणि ते त्या मुलासाठीही बरं नसतं.

चष्म्याबद्दल. नंबर काढणं मशीन आजही करतं, माझ्या दवाखान्यात रोज करतं. माझा बराचसा वेळ जातो तो मधुमेह, काचबिंदू, कोरडे डोळे, केराटोकोनसला (यात डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग शंकूसारखा होतो) बसवायच्या मोठ्या स्क्लेरल लेन्स यांत. औषधं लिहून द्यायचा अधिकार सगळ्या पन्नास राज्यांत आहे, पण कुठवर, ते राज्य ठरवतं. ओक्लाहोमाने लेझरची परवानगी १९९८ मध्येच दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये काचबिंदूवर उपचार करायचा अधिकार मिळायला २०२१ उजाडलं. इंटरव्ह्यूला जाशील त्या राज्यात आज काय चालतं, ते वाचून जा. याच्यावर मुलं हमखास गडबडतात.

पुतण्याला माझ्या वतीने एवढंच विचारा, की त्याने दोघांचंही काम उभं राहून बघितलं आहे का. बघितलं नसेल तर दोन दिवस इकडे आणि दोन दिवस तिकडे काढू द्या त्याला.

पाणवठा | २३ सप्टेंबर, रात्री ८:१०

पटलं. त्याला हा धागा पाठवला आहे.

कवडसा | २४ सप्टेंबर, दुपारी ४:४५

मी आई म्हणून लिहिते. मुलगा सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं एक वर्ष कसं गेलं ते सांगते, म्हणजे तुझं तसं होणार नाही.

त्याचे गुण चांगले होते. अर्ज जुलैत भरायचा ठरला होता. एका प्राध्यापकांनी पत्र देतो म्हणून होकार दिला आणि मग उन्हाळ्यात त्यांचा पत्ताच नाही. मुलगा संकोची, दुसऱ्यांदा आठवण करायला लाजला. शेवटी पत्र ऑक्टोबरच्या अखेरीस आलं. तोवर त्याच्या आवडत्या शाळेच्या बऱ्याच जागा गेल्या होत्या, आणि तो वेटिंग लिस्टवर राहिला तो राहिलाच. पुढच्या वर्षी त्याच गुणांवर, तीच पत्रं घेऊन, जुलैत अर्ज केला आणि सप्टेंबरमध्ये इंटरव्ह्यू आला. फरक फक्त महिन्यांचा. बहुतेक शाळा रोलिंग पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तसतशा, जागा भरतात. शेवटची तारीख हिवाळ्यात किंवा वसंतात दिसते, म्हणून मुलं निवांत राहतात.

तेव्हा पत्रं मार्च-एप्रिलमध्येच माग. आपला रेझ्युमे, ग्रेड्स आणि त्या वर्गात आपण काय केलं याची दहा ओळींची आठवण सोबत दे. एक पत्र ऑप्टोमेट्रिस्टचं, एक विज्ञानाच्या प्राध्यापकांचं तर हवंच. एक जास्तीचं नाव मनात तयार ठेव. आणि आठवण करायला लाजू नकोस गं.

पैशांचं. खासगी शाळेत फी आणि राहणं-खाणं मिळून चार वर्षांचे दोन लाख डॉलर सहज ओलांडतात. पूर्वी फेडरल ग्रॅड प्लस कर्जाने उरलेला खड्डा भरता यायचा. २०२५ च्या कायद्याने ते नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केलं. व्यावसायिक पदव्यांना, ज्यात ऑप्टोमेट्री धरलेली आहे, वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर अशी मर्यादा घातली आहे. निंबोणी, तू २०२७ च्या शरदात सुरू करणार, म्हणजे हे तुला लागू. शाळांची यादी करताना वर्षाचा एकूण खर्च त्या ५० हजारांशेजारी लिहून ठेव. ओहायोत राहतेस, तर कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये राज्यातल्या विद्यार्थ्याची फी लागेल, तिचा फरक फार मोठा आहे. पश्चिमेकडच्या काही राज्यांतल्या मुलांना वायचीच्या (तिकडच्या राज्यांची उच्च शिक्षणाची संयुक्त संस्था) देवाणघेवाण योजनेतून फीत मदत मिळते. नागरिकत्व असेल आणि मनाची तयारी असेल तर लष्कराची एचपीएसपी शिष्यवृत्ती फी भरते, बदल्यात काही वर्षं सेवा द्यावी लागते.

ओंजळ | २४ सप्टेंबर, रात्री ११:२०

मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी फ्रेशमन आहे आणि तिलाही हेच करायचं आहे. तिने आत्तापासून काय करावं?

गवतफूल | २५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

ओंजळताई, पहिल्या वर्षी तिला फक्त दोन गोष्टी करू द्या. तिच्या कॉलेजचा एखाद्या ऑप्टोमेट्री शाळेशी ३+४ करार आहे का ते विचारायला सांगा. त्यात तीन वर्षं इकडे, मग थेट ओडी, आणि ओडीच्या पहिल्या वर्षाच्या क्रेडिट्सवर बॅचलर्स पूर्ण होते. न्यूयॉर्कच्या सनी ऑप्टोमेट्रीचे असे बऱ्याच कॉलेजांशी करार आहेत. हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो, विषयांचा क्रम पहिल्यापासून लावावा लागतो.

दुसरं, चार-पाच शाळांचे प्रीरेक्विझिट्स एका कागदावर मांडायला सांगा. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स सगळीकडे आहेतच. पण स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजीची लॅब, ॲनॅटमी यांवर प्रत्येक शाळा वेगळं म्हणते. माझ्या ओळखीतल्या एकाला प्रवेश मिळाल्यावर कळलं की सायकॉलॉजी राहिलं आहे, मग उन्हाळ्यात धावपळ करून कम्युनिटी कॉलेजमधून पूर्ण केलं.

बाकी पहिलं वर्ष तिला नीट अभ्यास करू द्या. मेजर कुठलाही चालतो.

निंबोणी | २५ सप्टेंबर, रात्री १०:००

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ कळत नाही. कवडसाकाकू, कर्जाच्या मर्यादेचं मला काहीच माहीत नव्हतं, बाबांना लगेच वाचून दाखवलं. सी प्लसचा विषय मी आजपासून बंद करते. लो व्हिजनच्या डॉक्टरना ईमेल केला आहे.

पाऊलवाट | २ ऑक्टोबर, सायंकाळी ५:१५

मी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. मला हे जमेल का?

दूरदेशी | २ ऑक्टोबर, रात्री ९:५५

जमतं, माझ्याच वर्गात दोघं होते. पण फेडरल कर्ज मिळणार नाही, खासगी कर्जाला बहुधा इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो, आणि काही राज्य शाळा बाहेरच्या देशांतल्या मुलांना फार कमी जागा देतात. अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक शाळेला व्हिसाचं सरळ विचार आणि उत्तर लेखी घे. भारतातली ट्रान्स्क्रिप्ट असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्यात आठवडे जातात.

निंबोणी | १८ जानेवारी, रात्री ११:३०

चार महिन्यांनी येते आहे. ऑरगॅनिक २ मध्ये बी प्लस. मायक्रोबायॉलॉजीत ए.

लो व्हिजनच्या डॉक्टरांनी दर शुक्रवारी यायला परवानगी दिली. तिथे २२ तास झाले. व्हेटरन्स हॉस्पिटलमध्ये १६, एका खासगी प्रॅक्टिसमध्ये २०. शिवाय शनिवारी टेक्निशियनची नोकरी धरली आहे. पहिल्या दिवशी फील्ड टेस्टला एका आजींनी मला विचारलं, "मी नापास होते आहे का?" मला काय बोलावं सुचेना. आता मी सुरू करण्याआधीच सांगते की निम्मे दिवे कुणालाच दिसत नाहीत, टेस्ट तशीच बनवलेली आहे.

पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधाचा, पहिला मसुदा झाला. मर्यादा स्पेस धरून ४५०० अक्षरांची आहे, माझा ६१०० झाला. सुरुवात साधारण अशी आहे: डोळे हे माणसाचं जगाशी असलेलं सगळ्यात सुंदर नातं आहे, माझी आजी जेव्हा दृष्टी गमावत होती तेव्हा मला दृष्टीचं मोल कळलं, आणि तेव्हाच मी ठरवलं की मी लोकांना प्रकाश देईन. मग आजीची गोष्ट, मग माझे विषय, मग व्हेटरन्सचा अनुभव, मग भविष्य.

ताई, कठोरपणे सांगा.

दूरदेशी | १९ जानेवारी, सकाळी ६:२०

निंबोणी, ते पहिले तीन विचार काढून टाक. डोळ्यांचं मोल समितीला माहीत आहे, त्यांनी आयुष्य त्यात घालवलं आहे. आणि घरातल्या कुणाची तरी दृष्टी गेली किंवा आपल्याला पहिला चष्मा लागला, या गोष्टी त्यांच्या टेबलावर येणाऱ्या फार मोठ्या गठ्ठ्यात असतात. तुझी आजी त्या गठ्ठ्यात हरवायला नको.

आजीला काढ म्हणत नाही. पण आज ती तुझ्या मसुद्यात फक्त दुःखी दिसते आणि नंतर आनंदी दिसते. त्या खोलीत डॉक्टरांनी नक्की काय केलं, ते कुठे आहे? भिंग कितीचं होतं? आधी कुठलं देऊन पाहिलं आणि ते का नाही चाललं? बाजूला बघायला शिकवताना आजी किती वेळा चिडली? शुक्रवारी तू आता हेच दुसऱ्यांच्या बाबतीत बघते आहेस. आजीच्या वेळी जे तुला कळलं नव्हतं आणि आता कळतं, तिथे तुझा निबंध आहे.

विषयांचा परिच्छेद पूर्ण काढ, तो ट्रान्स्क्रिप्टवर आहे. फील्ड टेस्टच्या आजी घे. "मी नापास होते आहे का" हे वाक्य आणि तू त्यानंतर काय बदललंस, एवढं चार ओळींत. भविष्याबद्दल सगळ्या जगाची सेवा वगैरे नको, लो व्हिजनची रेसिडेन्सी करायची असेल तर तसं स्पष्ट लिही. बदललं तर बदललं, कुणी धरून ठेवत नाही.

कवडसा | १९ जानेवारी, सकाळी ११:००

निंबोणी, पत्रं मागितलीस का? मार्च जवळ आला.

निंबोणी | १९ जानेवारी, रात्री ८:३०

यादी केली आहे काकू. लो व्हिजनच्या डॉक्टर, ऑरगॅनिक २ चे प्राध्यापक आणि मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबच्या मॅडम. चौथं नाव खासगी प्रॅक्टिसच्या डॉक्टरांचं, राखीव.

गवतफूल | २० जानेवारी, सकाळी ८:०५

ऑरगॅनिक २ चे प्राध्यापक ही फार चांगली निवड. सी प्लसनंतरचं सत्र त्यांनी स्वतः बघितलं आहे. आणि ऑप्टमकॅसवर पत्र वाचण्याचा हक्क सोडायचा की नाही असं विचारतात, तो सोड. न सोडलेल्या पत्राला कमी वजन दिलं जातं.

शाळा निवडताना आणखी एक बघून ठेव. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला राष्ट्रीय बोर्डाच्या, म्हणजे एनबीईओच्या परीक्षेत आपली किती मुलं पास होतात, ते जाहीर करावं लागतं. प्रवेश सोपा आहे म्हणून शाळा घेतली आणि तिथला आकडा कमी असला, तर चार वर्षांनी परवाना अडकतो, कर्ज मात्र चालू होतं.

निंबोणी | ३१ मे, दुपारी ३:२०

ओएटी झाली! सेंटरवरच तात्पुरते गुण मिळाले. सरासरी ३३०, फिजिक्स ३२०. गवतफूलदादा, तिसरा रकाना माझाही सगळ्यात लांब होता. प्रश्नाचा शेवट आधी वाचणं फार उपयोगी पडलं.

बायोकेममध्ये ए मायनस, जीपीए ३.४९. तीन पत्रांपैकी दोघांनी तयार आहे म्हणून कळवलं, तिसऱ्यांना परवा आठवण केली. सात शाळा ठरवल्या आहेत, खर्चाचा रकाना बाबांनी भरला. अर्ज उघडला की पहिल्या दोन आठवड्यांत पाठवायचा आहे.

एकच अडलं होतं. निबंधात आजीचं इतकं खासगी लिहिलं आहे, तर तिला विचारायला हवं असं वाटलं. काल रात्री तिच्याजवळ बसून पूर्ण निबंध मराठीत करून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, लिही, पण एक चुकलंय. तू लिहिलंयस की त्या बाईंनी मला भिंग दिलं. भिंग शेवटी दिलं. आधी त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाचायचंय? इतके डॉक्टर झाले, इतकी मशीनं झाली, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी पोथी म्हणाले, तर पुढच्या वेळी येताना तीच घेऊन या म्हणाल्या. अक्षर केवढं आहे ते त्यांना बघायचं होतं.

मी त्या दिवशी त्याच खोलीत होते ताई. माझ्या लक्षातच नाही.

दूरदेशी | ३१ मे, रात्री ९:४५

निबंध तिथून सुरू कर. तुझ्या लक्षात आलं नव्हतं आणि आजीने सांगितलं, हेही तसंच लिही. शुक्रवारी गेलीस की त्या डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतात ते नीट ऐक, आणि दुसरा परिच्छेद त्यावर कर.

ट्रान्स्क्रिप्टची विनंती वसंत सत्राच्या ग्रेड्स रजिस्ट्रारकडे चढल्याची खात्री करूनच पाठव. बायोकेमचा ए मायनस त्यात दिसायला हवा.